बटाट्याचा वाफा आणि बोटीवरची जागा

दक्षिण अटलांटिकातल्या ट्रिस्टन दा कुन्हा या बेटाविषयी लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात अंतर सांगून मोकळा होतो. केपटाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर, सेंट हेलेनापासून २,४०० च्या वर, विमानतळ नाही, बोटीने गेलं तर आठवडाभर समुद्र. एकदा अंतर सांगितलं की पुढचा मजकूर आपोआप सुचतो: जगापासून लांब म्हणून माणसं साधी, साधी म्हणून समाधानी. या वस्तीच्या दोनशे वर्षांकडे मागे वळून पाहिलं की मात्र ही साखळी पटत नाही. लांब असलेली कितीतरी बेटं ओस पडली, काहींवरची माणसं उचलून नेली गेली. ट्रिस्टन टिकलं ते लांब होतं म्हणून टिकलं, असं म्हणायला आधार सापडत नाही. जमीन कोणाची आणि बोटीतून कोण उतरणार, हे दोन प्रश्न या लोकांनी हळूहळू एकाच गाठीत बांधले आणि ती गाठ स्वतःच्या हातात ठेवली. टिकण्याचं कारण मला तिथे दिसतं.

बेटाला नाव मिळालं ते भारताच्या वाटेवर. १५०६ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव द कुन्या याला ते दिसलं. त्याच ताफ्यातून निघालेल्या आफोन्सो द आल्बुकर्कने पुढे चार वर्षांनी गोवा जिंकलं. द कुन्या बेटावर उतरला नाही, नुसतं नाव देऊन पुढे गेला. मालकी सांगणारा पहिला माणूस आला तो तीनशे वर्षांनी. जोनाथन लॅम्बर्ट हा अमेरिकेतल्या सेलम गावचा खलाशी. १८११ मध्ये त्याने स्वतःला बेटाचा मालक म्हणून जाहीर केलं, बोस्टनच्या वर्तमानपत्रात तसं छापवून आणलं आणि पुढच्याच वर्षी समुद्रात बुडून मेला. सातबारा स्वतःच लिहून स्वतःच सही करणाऱ्यांची परंपरा काही आपल्याकडेच नाही. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तिथे फौज उतरवली, कारण नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता आणि या बाजूने कोणी त्याला सोडवायला येईल अशी धास्ती होती. वर्षभरात ती धास्ती ओसरली आणि फौज परत निघाली. तोफखान्यातला कॉर्पोरल विल्यम ग्लास मात्र बायको-मुलांसह मागे राहिला; त्याच्याबरोबर प्लिमथकडचे दोन गवंडीही राहिले. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी एक करार लिहिला: गुरंढोरं आणि सामान सर्वांचं सारखं, नफा सारखा, खरेदीचा खर्चही सारखा, आणि भागीदारीत कोणीही कोणापेक्षा वरचढ नाही. भागीदारीला त्यांनी शब्द वापरला तो ‘फर्म’. ज्या कागदाला लोक आज आदर्श समाजाची घटना म्हणून मिरवतात, तो मुळात धंद्याचा करारनामा होता.

आणि धंदा म्हणूनच तो वाचायला हवा. इथल्या माणसांचं गिऱ्हाईक म्हणजे जाणारं-येणारं जहाज. आशियाकडे निघालेली शिडाची जहाजं आणि अमेरिकन देवमासेमारीची गलबतं बेटाजवळ थांबत, ताजं पाणी, बटाटे आणि मांस घेत, बदल्यात कापड, पीठ, अवजारं देत. सामायिक ‘फर्म’ फार काळ चालली नाही; घरागणिक शेत वेगळं झालं, गुरं वेगळी झाली. समानता उरली ती वेगळ्या रूपात. कोणी कोणाचा मालक नाही, कोणी कोणाचा नोकर नाही, आणि कोण गावात यायचं याला तेव्हा फारशी आडकाठीही नाही. १८२१ मध्ये लंडनहून मुंबईला निघालेलं ‘ब्लेंडन हॉल’ शेजारच्या इनॅक्सेसिबल बेटावर फुटलं. त्यावरच्या काही जणांनी फुटक्या जहाजाच्या लाकडाची होडी बांधून ट्रिस्टन गाठलं, मग ग्लासच्या लोकांनी बोटी नेऊन उरलेल्यांना सोडवलं. यातली बहुतेक मंडळी निघून गेली, पण फुटलेल्या जहाजांतली काही माणसं राहिली. ग्रीन हे आडनाव १८३६ मध्ये फुटलेल्या ‘एमिली’वरच्या डच खलाशाचं आहे, रेपेटो आणि लाव्हारेलो ही आडनावं १८९२ मध्ये फुटलेल्या ‘इटालिया’वरच्या दोघांची. १८२७ मध्ये एका कप्तानाने सेंट हेलेनाहून पाच बायका आणल्या आणि एकट्या पुरुषांचे संसार सुरू झाले. घरांच्या तुळया, फळ्या, दारं यांतही फुटक्या जहाजांचं लाकूड आलं. पहिली पाऊणशे वर्षं बेटाचं दार सताड उघडं होतं. आज जी बंदी आपल्याला बेटाचा स्वभाव वाटते, ती नंतरची आहे.

दार कधी बंद होऊ लागलं हे पाहायचं तर जहाजांकडे पाहावं लागतं. देवमाशांचा धंदा उतरणीला लागला, वाफेच्या बोटी आल्या आणि १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडल्यावर मुंबईकडचा रस्ताच बदलला. बेटाचं बाजारात जाणं बंद झालं असं नाही, बाजारच उठून दुसरीकडे गेला. त्याआधीच ग्लासच्या मृत्यूनंतर त्याचं बरंचसं कुटुंब अमेरिकेला गेलं होतं, आणि १८५७ मध्ये धर्मोपदेशक विल्यम टेलर याच्याबरोबर ४५ जण केपला गेले. मागे उरले २८. १८८२ मध्ये एका फुटलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि शेतांवर तुटून पडले. १८८५ च्या नोव्हेंबरात दिसलेल्या एका जहाजाशी देवघेव करायला निघालेल्या बोटीतले पंधरा पुरुष बुडाले. इवल्याशा गावातले धट्टेकट्टे पुरुष एका दिवसात गेले. जहाज दिसलं की समुद्र कसाही असला तरी होडी लोटायची, ही गरज किती जीवघेणी झाली होती ते यातून कळतं. पुढे बेट सोडण्याच्या सूचना पुन्हापुन्हा आल्या. थोडे गेले, बाकीचे राहिले. पहिलं महायुद्ध संपल्याची बातमी त्यांना पोचली ती १९१९ मध्ये.

राहिले का, याचं उत्तर गावाच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर आहे. तिथे ‘पॅचेस’ नावाचा भाग आहे, म्हणजे बटाट्याचे वाफे. काळ्या ज्वालामुखी दगडांचे गडगे घालून लहानलहान तुकडे पाडलेले, वारा अडावा इतकी भिंतीची उंची, प्रत्येक तुकडा कोणत्या तरी घराचा. जमीन सगळ्यांची, कसणं घराचं. बटाटा हेच इथलं अन्न आणि हेच इथलं नाणंही. १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटं काढायचा प्रस्ताव झाला तेव्हा एका नमुन्यावर किंमत छापली होती एक पेनी, आणि त्याखाली चार बटाटे. लंडनने तो प्रस्ताव मान्य केला नाही, पण त्या इवल्या कागदावर बेटाचं अर्थशास्त्र कोणत्याही अहवालापेक्षा नेमकं उतरलं आहे. १९३७-३८ च्या नॉर्वेजियन मोहिमेत आलेला समाजशास्त्रज्ञ पीटर मुंक याने हे लोक साम्यवादी नाहीत, असं बजावून सांगितलं होतं. प्रत्येक घर आपल्या पायावर उभं, मदत नात्यागोत्यात फिरणारी, आणि दुसऱ्याच्या कारभारात नाक न खुपसणं हा मोठा सद्गुण. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण सामायिक जमीन म्हटलं की आपण लगेच सामायिक चुलीची कल्पना करतो.

पैसा आला तेव्हा या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. १९४२ मध्ये नौदलाने तिथे रेडिओ-हवामान केंद्र उभारलं आणि मजुरीचे रोख पैसे हातात पडू लागले. १९४९ मध्ये शेवंडाचा धंदा सुरू झाला, डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. रोख पैसा असला की एका घराकडे दहा गुरं आणि दुसऱ्याकडे एकही नाही, हे व्हायला वेळ लागत नाही, आणि कुरण तर बेटाच्या एका कडेला पट्टीएवढंच. इथे बेटाने घेतलेला निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. गुरं-मेंढ्यांची संख्या घरागणिक नियमाने बांधून टाकली. त्याचं एक कारण कुरण वाचवणं. दुसरं कारण बेटाचं प्रशासन आजही उघडपणे सांगतं, सधन घरांकडे संपत्ती साचू नये म्हणून. जमीन सगळ्यांच्या मालकीची राहील आणि बाहेरच्याला ती विकत घेता येणार नाही, स्थायिकही होता येणार नाही, हा नियमही याच रांगेतला. १८१७ चा वरचढपणा नसावा हा मुद्दा बाजार शिरल्यावर दावणीतल्या जनावरांच्या मोजणीत उतरला.

मग आला १९६१ चा ऑक्टोबर. गावाच्या अगदी शेजारी जमीन फाटली, लाव्हा वर आला, आणि सुमारे २६० लोक होड्यांनी नाइटिंगेल बेटावर, तिथून डच जहाजाने केपटाउनला आणि नोव्हेंबरात साउदम्प्टनला पोचले. लाव्ह्याखाली कारखाना गेला, उतरायचे किनारे गेले; घरं बहुतेक वाचली. इंग्लंडात त्यांना नोकऱ्या मिळाल्या, पगार मिळाला. सरकारचा अंदाज, हे आता इथलेच झाले. पण डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झालं तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात ५ मतं पडली. १९६३ मध्ये ते परतले. याला मातीची ओढ म्हणणं सोपं आहे, पण इंग्लंडात हे लोक भाडेकरू आणि मजूर होते, बेटावर घराचे आणि वाफ्याचे धनी. १९६६ मध्ये पस्तीस जण पुन्हा इंग्लंडला गेलेही. त्यातले काही नंतर परतले. ओढ एकदिशी नव्हती. परतायला जागा होती, ती कोणी विकून टाकली नव्हती, हे महत्त्वाचं.

हेच दुसऱ्या बाजूने पाहण्यासाठी हिंदी महासागरात यावं लागतं. तेच ब्रिटिश सरकार, जवळजवळ तेच दशक. चागोस बेटांवरची पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं नारळाच्या मळ्यांवर काम करत. जमीन मळेवाल्या कंपनीची. १९६७ मध्ये सरकारने ते मळे विकत घेतले आणि १९६८ ते १९७३ या काळात साऱ्या वस्तीला बाहेर काढलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. ट्रिस्टनवर कोणाला तळ नको होता, आणि गोऱ्या साम्राज्याच्या नजरेत ट्रिस्टनचे लोक आपले होते, चागोसचे नव्हते, हा आक्षेप अगदी रास्त आहे. या दोन गोष्टी वगळून तुलना केली तर ती खोटी ठरेल. तरी एक फरक उरतोच. चागोसमध्ये एका मालकाशी सौदा करून बेटं रिकामी करता आली. ट्रिस्टनवर सौदा करायला एकटा मालकच नव्हता. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डाचं उदाहरणही इथे घ्यायला हवं: पुरुषांची रोजची सभा, शिकारीची सारखी वाटणी, सगळं ट्रिस्टनपेक्षाही जास्त सामायिक, पण जमीन स्काय बेटावरच्या जमीनदाराची, खंड पिसांत भरायचा. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटचे ३६ जण स्वतःच विनंती करून निघाले. रोगराई, तरुणांची गळती ही कारणं मोठी होती, ती नाकारायचं कारण नाही. पण वाटून खाणं म्हणजे मालकी असणं नव्हे, हे तिथे दिसतं.

ट्रिस्टनच्या व्यवस्थेवर सगळ्यात टोकदार हरकत अशी की ही एक बंद पेढी आहे. मोजकी आडनावं, बाहेरच्याला जमीन नाही, वस्तीचा हक्क नाही. कित्येक मूळपुरुष स्वतः वादळाने फेकलेले, आणि आता दार लावून घेतलेलं. हरकतीत दम आहे. पण दार उघडं ठेवलं तर काय येईल याचा विचार आज १८३६ च्या खलाशापुरता करून चालत नाही. अडीचशेच्या आतली वस्ती आणि एका कडेची सपाटी. चार धनिक उन्हाळी घरं बांधायला आले की कुरण संपलं. दुसरी हरकत अशी की हे सगळं ब्रिटनच्या मदतीवर चालतं, डॉक्टर, बंदर, प्रशासक सगळं तिकडून. मग स्वतंत्र बाण्याच्या गप्पा कशाला? बेटाचं मुख्य उत्पन्न शेवंडाच्या मासेमारीच्या परवान्यातून येतं, ते बेटाच्या समुद्रातूनच. पण बंदराच्या दुरुस्तीसारख्या मोठ्या खर्चाला ते पुरत नाही, हे मान्य करायला हवं. लाव्ह्यानंतर पुन्हा उभारलेला कारखाना २००८ मध्ये जळाला तेव्हा ते उघडच झालं. मात्र मदत घेणं आणि मालकी देणं यांतली रेघ बेटाने आजवर पुसू दिलेली नाही. २०२० मध्ये सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर झाला, तेव्हा बेटवासीयांची मासेमारी त्यातून जाणीवपूर्वक राखली गेली.

उरतो प्रवास. आज वर्षाकाठी केपटाउनहून मोजक्या फेऱ्या होतात, त्यातल्या बऱ्याच मासेमारीच्या किंवा मालवाहू बोटींच्या, आणि पोचल्यावरही लाटा उंच असतील तर इवल्या कॅलशॉट बंदरात होडी शिरू शकत नाही, दिवसच्या दिवस किनारा समोर दिसत राहतो. या बेटावर सर्वात टंचाईची वस्तू जमीन नाही, बोटीतली बर्थ आहे. म्हणून तीही बाजारावर सोडलेली नाही. बाहेरच्याने यायचं तर आधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी लागते. हॉटेल नाही, उतरायचं कोणाच्या तरी घरी किंवा गावाच्या पाहुणघरात. बोटीत जागा द्यायचा क्रमही ठरलेला असतो: आजारी माणूस आणि बेटाचा माणूस आधी, हौशी प्रवासी मागून, पैसे कितीही मोजायची तयारी असली तरी. केपटाउनच्या धक्क्यावर तिकिटासाठी ताटकळणाऱ्या पर्यटकाला हा अन्याय वाटतो. पण तो ज्या बर्थची वाट पाहत असतो, तिच्यावर कदाचित दाताच्या दुखण्यासाठी किंवा बाळंतपणासाठी शहरात गेलेली एखादी बाई परतत असते, आणि बटाट्याची लावणी तिच्या घरी तिच्याशिवाय अडलेली असते.