माहूल : शहरातले नवे गावकूस

गावकूस फक्त खेड्यात असते, असे समजू नका. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या २०१७ मध्ये पाडल्या आणि कष्टकऱ्यांना माहूलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी धाडले. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने नमूद केले होते. तरीही ही जागा पुनर्वसनास योग्य ठरली! धूर, कचरा, मैला कुणाच्या दारात टाकायचा, हे या व्यवस्थेने फार पूर्वीच ठरवले आहे.

माहूलवासीयांनी मात्र हे निमूट सोसले नाही. ऑक्टोबर २०१८ पासून त्यांनी विद्याविहारच्या रस्त्यावर ठिय्या दिला. न्यायालयातही लढा चालू ठेवला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने बजावले : माहूलमध्ये राहण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार भाडे आणि ४५ हजार अनामत द्या. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २१ असे रस्त्यावरच्या माणसांमुळे जिवंत राहते.

बांधवांनो, पुनर्वसनाच्या कागदावर सही करण्याआधी जागा पाहा. तिथल्या हवा-पाण्याचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. वस्तीची समिती करा. महाडला आपण पाण्यासाठी लढलो. आता श्वासासाठी लढू. जयभीम!