चूल वेळेवर विझली पाहिजे : यकृताचा कर्करोग आणि बाळाची पहिली लस



गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे. रक्त तपासलं, तर 'ब' कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी निघाली. घरात तिचं ताट-वाटी वेगळं झालं. ताईंनी विचारलं, "डॉक्टर म्हणतात, यातून पुढे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. पोरीनं दारूचा थेंबही घेतलेला नाही. मग कॅन्सर येतो कुठून?"

प्रश्न एकीचा असला तरी उत्तर सगळ्यांच्या कामाचं आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

लिव्हर, म्हणजे आपलं यकृत, मोठं सोशिक असतं. एरवी त्याच्या पेशी शांत असतात, क्वचितच विभागतात. पण शस्त्रक्रियेत दोन तृतीयांश यकृत काढलं, तरी उरलेल्या निरोगी पेशी जाग्या होतात, एकीच्या दोन होतात आणि यकृत पुन्हा भरून येतं. गरज संपली की त्या थांबतात. कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हे पेशीतली काही प्रथिनं ठरवतात.

आपल्या चुलीचंच बघा. चूल घरात कायम असते, पण सरपण घातल्याशिवाय पेटत नाही. पेशीत सीडीके नावाची प्रथिनं म्हणजे ही चूल आणि सायक्लिन नावाची प्रथिनं म्हणजे सरपण. सायक्लिन साठलं की पेशी विभागते. मग ते सायक्लिन मोडून टाकलं जातं आणि चूल विझते. सायक्लिनचा हा चढउतार टिम हंट यांना १९८२ साली सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दिसला. पुढे २००१ साली हंट, लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना पेशीचक्रावरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

चुलीपाशी एक राखणदारीणही बसलेली असते. तिचं नाव पी-५३. पेशीच्या जनुकात बिघाड दिसला की ती काम थांबवते. दुरुस्ती होणार नसेल, तर ती पेशीच मोडीत काढते.

आता 'ब' कावीळ इथे काय करते? या विषाणूचा तुकडा यकृतपेशीच्या जनुकांत घुसू शकतो. १९९० साली फ्रान्समधल्या संशोधकांना एका रुग्णाच्या गाठीत हा तुकडा नेमका सायक्लिन-ए च्या जनुकात रुतलेला सापडला. त्यातून बनलेलं सायक्लिन वेळेवर मोडत नव्हतं. म्हणजे सरपण संपतच नव्हतं! नेमक्या याच जागी घाव बसणं दुर्मिळ आहे. पण वर्षानुवर्षं सूज राहिली, की पेशी मरतात, नव्या बनतात, पुन्हा मरतात. चूल सतत पेटती राहते आणि दर फेरीत चूक होण्याची शक्यता वाढते. 'क' कावीळ आणि दारू यांच्यामुळेही यकृत असंच झिजतं.

दुसरा शत्रू आपल्या डब्यात असू शकतो. ओलसर शेंगदाण्यांवर, मक्यावर जी बुरशी येते, त्यातली एक अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष पी-५३ च्या जनुकावरच घाव घालतं. चीनमधल्या चिडोंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठींत, या जनुकात एकाच ठरावीक जागी बिघाड आढळल्याचं १९९१ साली प्रसिद्ध झालं. 'ब' कावीळ आणि हे विष एकत्र आले, तर धोका कितीतरी वाढतो. म्हणून दाणे चांगले वाळवा. बुरशीचे, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही.

आता ताईंच्या सुनेकडे येऊ. जन्मावेळी हा विषाणू लागला, तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला, तर १०० पैकी पाचांतही राहत नाही. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत 'ब' कावीळीची पहिली लस आणि पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस. सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळतं. आईला विषाणू असेल, तर बाळाला आणखी एक इंजेक्शन आणि आईला औषध लागेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. तैवानमध्ये १९८४ साली बाळांना ही लस देणं सुरू झालं आणि पुढे तिथे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला.

आणि ताई, ते ताट-वाटी परत एकत्र करा. हा आजार रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं लागत नाही. बाळाला ती अंगावरही पाजू शकते. फक्त ब्लेड, सुई, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. घरातल्या बाकीच्यांनी रक्त तपासून लस घ्यावी आणि सुनेनं बाळंतपणानंतरही नियमित तपासणी चालू ठेवावी.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर तिला आजच सांगा : बाळाची पहिली लस, पहिल्याच दिवशी.