उकिरड्यावर पोसलेला शिकारी

माहूरला दत्तशिखराकडे बघत कुत्र्याबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जीभ अडखळतेच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ती म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रेणुकामातेच्या वाटेवर कुणी खोबऱ्याचा तुकडा टाकतं, कुणी घरून आणलेली पोळी. नवरात्रात तर कुत्र्यांची चंगळच. पण गडाच्या आजूबाजूला रान आहे, खाली पैनगंगा आहे, आणि याच नदीच्या काठावर यवतमाळ-नांदेडच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. दुपारी हॉटेलच्या बाकड्याखाली लोळणारं कुत्रं रात्री कुठे जातं, हे विचारायला हवं.

रानातल्या शिकाऱ्याला एक हिशेब चुकत नाही. सावज कमी झालं की लांडग्याची, बिबट्याची पिल्लं जगत नाहीत, संख्या आपोआप घटते आणि सावजाला सावरायला वेळ मिळतो. कुत्र्याला हा हिशेब लागू होत नाही. त्याचं पोट गावात भरतं. रानात एकच काळवीट उरलं तरी कुत्री तेवढीच राहतात आणि त्या एकाच्याही मागे धावतात. भूक नसली तरी धावतात. सगळा गुंता इथून सुरू होतो.

त्यात गिधाडं गेली. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं ढोर गिधाडं बघता बघता फस्त करत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधानं ती लाखोंनी मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण तोवर ती खानावळ कुत्र्यांना मोकळी झाली होती.

पाठलागाचं नुकसान दिसतं तेवढंच नसतं. चार-पाच कुत्री चितळामागे लागली आणि ते निसटलं, तरी अतिश्रमानं त्याचे स्नायू निकामी होऊन ते नंतर मरू शकतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांची अंडी जाळीच्या कुंपणात हलवायला सुरुवात केली, त्याचं एक कारण कुत्री आणि कोल्हेच होते. देशभरातल्या माहितीवर बेतलेल्या 2018 च्या एका पाहणीत कुत्र्यांनी हल्ला केलेल्या 80 वन्यजातींची नोंद झाली. त्यांतल्या 31 धोक्यात असलेल्या.

नुसती उपस्थितीही पुरते. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात संशोधक अबी वनक यांनी खोकडांचा अभ्यास केला. तिथल्या कुत्र्यांचं खाणं मुख्यतः माणसाच्या घरचं आणि मेलेल्या गुरांचं. खोकड खातो उंदीर, किडे, बोरं. म्हणजे ताटातलं कुणी कुणाचं ओढत नाही. तरीही समोर कुत्रं असलं की खोकड कमी खायचा, सारखा मान वर करून बघायचा.

खरा घात मात्र डोळ्यांना दिसत नाही. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आपल्या गोवराचा आणि गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. एकदा होऊन जो वाचला त्याला तो सहसा पुन्हा होत नाही, म्हणून टिकून राहण्यासाठी त्याला सतत नवी, न बाधलेली जनावरं लागतात. विरळ पसरलेल्या खोकडांत किंवा वाघांत तो लवकरच विझून जाईल. गावकुत्र्यांत विझत नाही, कारण दर वेताला नवी पिल्लं येतात. नान्नजच्या आसपास तपासलेल्या बहुतेक मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात या आजाराच्या खुणा सापडल्या. आफ्रिकेत सेरेंगेटीमध्ये 1994 साली याच विषाणूनं सुमारे हजार सिंह मेले. आपल्याकडे 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात 23 सिंह गेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू आढळला. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ आपल्याकडच्या शेताशिवारांतून फिरतात. बिबट्या तर कुत्रं मारून खातोच. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वाधिक वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणजे कुत्र्याचा आजार बिबट्याच्या तोंडापर्यंत आयताच पोचतो.

उरला कुत्र्याचा लांडग्याशी होणारा संकर. पुण्याजवळच्या माळावर विचित्र पिवळसर रंगाचे लांडगे दिसले, तेव्हा केस आणि विष्ठा गोळा करून जनुकीय तपासणी झाली. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लांडगा-कुत्रा संकर. देशात लांडगे अंदाजे तीन हजारांच्या आसपास, त्यामुळे एकट्या लांडगिणीला जोडीदार सापडला नाही की कुत्रं आहेच.

उपाय म्हटलं की निर्बीजीकरण पुढे येतं. 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस देऊन कुत्रं पकडल्या जागीच सोडायचं. शहराच्या गल्लीत ते समजू शकतं. पण ती जागा अभयारण्याच्या कडेची असेल तर नसबंदी झालेलं कुत्रंही चितळामागे धावणारच. पिल्लं होणार नाहीत, आजाराला नवं खाद्य कमी मिळेल, एवढा फायदा खरा. तोही बहुसंख्य कुत्र्यांची नसबंदी झाली तरच. आणि नियमात सक्तीची लस रेबीजची, डिस्टेंपरची नाही. माझ्या मते रानालगतच्या गावांत तीही द्यायला हवी.

बाकीचं आपल्या हातात आहे. शेतावरचं राखणीचं कुत्रं रात्री बांधा, त्याला दोन्ही लसी टोचून घ्या, मेलेलं ढोर उघड्यावर टाकू नका, पुरा. आणि गडावर दर्शनाला आलात तर उरलेली पोळी पायऱ्यांवर न टाकता परत घरी न्या.