तार एकाची, वीज दुसऱ्याची

मुंबईच्या उपनगरांत एकाच मजल्यावर शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांना वेगवेगळ्या कंपन्यांची वीजबिले येऊ शकतात. रस्त्याखालची केबल मात्र एकच असते. टाटांचा ग्राहक अदानींच्या तारेवरून वीज घेतो, बिल टाटांना भरतो आणि त्यातला वहन आकार, म्हणजे तारेचे भाडे, तारेच्या मालकाला पोहोचतो. घरगुती ग्राहकाला विक्रेता निवडण्याची अशी मुभा देशात क्वचितच मिळाली आहे. किरकोळ वीजबाजार खुला करण्याची भाषा पुन्हा सुरू असताना मुंबईत काय घडले ते नीट पाहायला हवे.

टाटांच्या खोपोली केंद्रातली जलविद्युत १९१५ पासून मुंबईला मिळते आहे. उपनगरांत घरोघरी वीज देण्याचे काम मात्र बीएसईएसचे. ती कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये हा व्यवसाय अदानींनी घेतला. टाटांनी ठोक वीज विकावी, घरगुती ग्राहकांकडे वळू नये, असे रिलायन्सचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ८ जुलै २००८ रोजी फेटाळले. टाटांकडे परवाना होता, पण गल्लीबोळांत तारा नव्हत्या. मग १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाट काढून दिली : तारा रिलायन्सच्याच वापरा आणि त्यांचे भाडे द्या. टाटांचा दर कमी होता. लाखो ग्राहक तिकडे गेले.

आणि तिथेच पेच सुरू झाला. विजेचा दर नुसत्या खरेदीखर्चावर ठरत नाही. महिना शंभर युनिटच्या आत वापर असेल तर दर कमी, तीनशेच्या आणि पाचशेच्या पुढे तो चढत जातो. दुकाने आणि कार्यालयांचा दर वेगळा, चढा. वरच्यांकडून जास्त घेऊन खालच्यांचा दर आवाक्यात ठेवायचा, ही क्रॉस सबसिडी. स्वस्त विक्रेता दिसला की आधी निघतो तो मोठा ग्राहक, कारण त्याचीच बचत मोठी. जुन्या कंपनीकडे उरतात ते सवलतीवर अवलंबून असलेले, आणि त्यांना सवलत देणाराच निघून गेलेला असतो. म्हणून आयोगाने कंपनी बदललेल्या ग्राहकांवरही अधिभार लावला. २०१२ मध्ये तर काही काळ टाटांनी या मार्गाने फक्त तीनशे युनिटपर्यंतचे घरगुती ग्राहकच घ्यावेत, असे बंधन घातले. स्पर्धा आणली म्हणून नियामकाचे काम कमी झाले नाही, उलट वाढले.

तारांचे नियमन लोकांच्या नजरेत कमी येते. माझ्या मते खरा पैसा तिथेच आहे. केबल, उपकेंद्र, रोहित्र यांवर कंपनी जो भांडवली खर्च करते, तो आयोगाने मान्य केला की घसारा, व्याज आणि भागभांडवलावरचा ठरावीक परतावा धरून वर्षानुवर्षे बिलातून वसूल होतो. जितका खर्च मान्य, तितका परतावा. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त बांधण्याचा मोह कंपनीला होणारच. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांनी दोन केबल टाकल्या, तर दोन्हींचे पैसे अखेर ग्राहकच भरतात. हे उपकेंद्र खरोखर लागते का, गळती मंजूर मर्यादेत आहे का, हे विचारणारा आयोगाशिवाय दुसरा कोणी नाही. आयोगाला हे विचारायला भाग पाडायचे ते जनसुनावणीत. दरवाढीच्या याचिकेची जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि कोणीही हरकत नोंदवू शकतो. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था वर्षानुवर्षे आकडे घेऊन तिथे उभ्या राहिल्या आहेत. बाकी आपण बहुतेक जण बिल आल्यावरच जागे होतो, हे मला फार खटकते.

मुंबईच्या शहर भागात वीज देणाऱ्या महापालिकेच्या बेस्टची गोष्ट वेगळी. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वितरण व्यवस्थेला कायद्याने तारा इतरांसाठी खुल्या करण्यापासून सूट दिली आहे, म्हणून तार एकाची, वीज दुसऱ्याची ही सोय तिथे नाही.

आता हाच प्रश्न राज्य सरकारच्या महावितरण कंपनीच्या दारात आला आहे. अदानींनी २०२२ मध्ये भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या महावितरणच्या पट्ट्यासाठी समांतर परवाना, म्हणजे त्याच भागात वीज वितरणाचा दुसरा परवाना, मागितला. त्याविरोधात ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर गेले आणि सरकारशी चर्चा झाल्यावर त्याच दिवशी त्यांनी संप मागे घेतला. कामगारांची भीती मला रास्त वाटते. या पट्ट्यातले कारखाने, कार्यालये आणि मोठी संकुले चढा दर वेळेवर भरतात, आणि राज्यभरच्या शेतीपंपांच्या व लहान घरांच्या कमी दराचा मोठा भार त्यांच्यावर आहे. ते गेले तर ही तूट मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या घरगुती बिलांवर येईल, नाहीतर राज्याच्या तिजोरीवर. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ६५ सांगते की सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम आगाऊ भरावी. कोणताही समांतर परवाना देण्याआधी आयोगाने जाणाऱ्या ग्राहकांमागे किती कोटींची तूट राहते आणि ती कोण भरणार, हे जिल्हावार मांडून जाहीर करावे, आणि ती सुनावणी फक्त मुंबईत न घेता लातूर आणि अमरावतीतही घ्यावी.