'तुघलकी' निर्णय आणि न विचारलेला प्रश्न

एखादा सरकारी निर्णय लोकांच्या गळी उतरला नाही, की 'तुघलकी फर्मान' हा शब्दप्रयोग हमखास कानावर येतो. त्याचे मूळ छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवरील दौलताबादेत आहे. महंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली आणि लोकांच्या लेखी तो कायमचा 'वेडा' ठरला.

प्रत्यक्षात हा सुलतान अडाणी नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांत त्याला गती होती. दक्षिणेवर पकड ठेवण्यासाठी तेथे सत्ताकेंद्र असावे, हा विचारही गैर नव्हता. चूक झाली ती दिल्लीतील उमराव, उलेमा आणि सूफींना सक्तीने हजारांहून अधिक किलोमीटरची वाट चालायला लावण्यात. पुढे काही वर्षांनी त्यांना परतीची मुभा द्यावी लागली.

नाण्यांचेही तसेच झाले. १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चलनात आणली. आजची कागदी नोट याच तत्त्वावर चालते. परंतु नकली नाणी रोखण्याची सोय नव्हती. घरोघरी नाणी पाडली गेली आणि अखेर खजिन्यातून सोने-चांदी मोजून ती परत घ्यावी लागली.

'नकली नाणे ओळखायचे कसे?' हा साधा प्रश्न दरबारात कोणी का विचारला नसेल? सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासात राहिलेला इतिहासकार झियाउद्दीन बरनी याचे उत्तर देतो. जिवाच्या भीतीने आणि धनाच्या लोभाने आपण व इतरांनी सुलतानाला खरे सांगितले नाही, अशी कबुली त्याने लिहून ठेवली आहे.

मराठवाड्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे पहिल्या समासात सांगितली आणि 'पढतमूर्खा'साठी दहावा समास स्वतंत्र राखला. अज्ञान आणि मूर्खपणा या एकच गोष्टी नव्हेत, हे या विभागणीतून स्पष्ट होते. अज्ञान विचारल्याने दूर होते. ज्ञानाचा अभिमान मात्र विचारूच देत नाही.

तुघलकाच्या दरबारात प्रश्नाची किंमत प्राण हीच असू शकत होती. आजच्या वर्गात, कार्यालयीन बैठकीत किंवा डॉक्टरांसमोर ती फार तर क्षणभराचे हसू एवढीच असते. तरीही 'आपण मूर्ख दिसू' या धास्तीने माणसे न समजलेल्या गोष्टीला मान डोलावतात, न वाचलेल्या कागदावर सही करतात. शहाणे दिसण्यासाठी पत्करलेले हे मौनच पुढे महागात पडते. 'मला समजले नाही, पुन्हा सांगा' हे वाक्य उच्चारणारा चारचौघांत क्षणभर अडाणी ठरेलही. पण त्याच्याबरोबर गप्प बसलेल्या अनेकांचा प्रश्नही त्यानेच विचारलेला असतो.