परसातली हिरवळ आणि ज्येष्ठांचे पाऊल

घरामागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी खेळाचे छोटे मैदान करावे, ही कल्पना आता अनेक बंगल्यांत आकार घेऊ लागली आहे. चिखल होत नाही, गवत कापावे लागत नाही आणि बारा महिने हिरवेगार दिसते. म्हणून ‘टर्फ’, म्हणजे कृत्रिम हिरवळ, अंथरली जाते. तिचा विचार बहुधा मुलांच्या पायांनी केला जातो. परंतु नातवंडे सुट्टीत येतात आणि जातात. तुळशीला पाणी घालण्यासाठी, वाळलेले कपडे काढण्यासाठी किंवा सकाळच्या चार फेऱ्यांसाठी त्या हिरवळीवरून रोज जाणारे पाऊल घरातील ज्येष्ठांचे असते. मैदानाचा आराखडा त्या पावलापासून सुरू व्हायला हवा.

आपल्यापैकी अनेकांना १९७६ चे माँट्रियल ऑलिंपिक आठवत असेल. त्या वर्षी ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ सातव्या स्थानावर राहिला. पायाखालची जमीन बदलली की चेंडूचा वेग बदलतो, तशी पावलांची सवयही मोडते. ऐन उमेदीतल्या खेळाडूंना जे जड गेले, ते सत्तरीतल्या गुडघ्यांना सोपे जाईल असे गृहीत धरू नये.

हिरवळीखाली काय आहे?

टर्फचा मऊपणा दिसतो वर, पण तो ठरतो खाली. सिमेंटच्या फरशीवर पातळ टर्फ चिकटवले, तर पडणाऱ्याच्या खुब्याला बसणारा मार जवळपास सिमेंटइतकाच असतो. म्हणून टर्फच्या खाली धक्का शोषणारा फोमचा थर घालण्याचा आग्रह धरा.

त्याच्याही खाली मुरूम, खडी आणि दगडाचा बारीक चुरा असे थर रोलरने नीट दाबलेले असावेत. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती पुरेशी न काढता काम उरकले, तर वर्ष-दोन वर्षांत हिरवळीला उंचवटे आणि खळगे येतात. तरुण माणूस ते सहज ओलांडतो. पाय घासत चालणारा ज्येष्ठ तिथेच अडखळतो. दर मीटरला सुमारे एक सेंटीमीटर उतार, तोही घराच्या विरुद्ध दिशेला ठेवावा. पाणी साचून राहिले की सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरते, आणि प्लास्टिकच्या पात्यांवरचे शेवाळ फरशीवरच्या शेवाळाइतकेच निसरडे असते.

ऊन आणि तळपाय

खरे गवत पाण्याचे बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते. कृत्रिम पात्यांना ती सोय नाही. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळतही नाही. कळतो तो नंतर उठलेला फोड, आणि तो लवकर भरत नाही. अशा व्यक्तीने टर्फवर कधीही अनवाणी जाऊ नये. काळजीवाहकांनी आधी हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टर्फवर टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर तिथे चालणे नको. पाणी शिंपडल्याने येणारा गारवा थोडाच वेळ टिकतो. परसातला जुना कडुनिंब वा आंबा मैदानासाठी तोडू नका. त्याच्या सावलीची बरोबरी कोणतेही टर्फ करणार नाही.

अडखळण्याच्या जागा

फुटबॉलसाठीच्या टर्फची पाती चार ते सहा सेंटीमीटर लांब असतात. त्यांत काठीचे टोक रुतते, वॉकर अडतो आणि चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते. घरासाठी एक-दीड सेंटीमीटर पात्यांचे, बारीक वाळू भरलेले टर्फ बरे. तरीही एका कडेने मीटरभर रुंदीची सपाट पायवाट मोकळी ठेवावी.

दोन पट्ट्यांचे सांधे आणि टर्फची कड दर महिन्याला हाताने चाचपून पाहा. उचकटलेला बोटभर कोपराही पुरेसा धोकादायक असतो. जाळीच्या ताणदोऱ्या ज्येष्ठांच्या वाटेत येऊ देऊ नका. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला जमिनीवरचा गडद पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो, म्हणून रंगीत रेषांची गर्दी टाळावी. पायरीला कठडा आणि संध्याकाळसाठी दिवा हवाच. टर्फवर घसरल्यास कातडी खरचटते. वयानुसार त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर साधे खरचटणेही बराच वेळ वाहते. प्रथमोपचाराची पेटी जवळच ठेवा.

खेळात आपलाही वाटा

एवढ्या सूचना वाचून ज्येष्ठांनी खिडकीतूनच खेळ पाहावा, असा अर्थ कृपया काढू नका. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. घरचे सपाट मैदान त्यासाठी उत्तम जागा ठरू शकते. मात्र पडण्याचा पूर्वानुभव, चक्कर किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पिकलबॉल हा आज ज्येष्ठांत लोकप्रिय असलेला खेळ १९६५ मध्ये अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर, एका घराच्या आवारातील जुन्या बॅडमिंटन कोर्टावर जन्मला. सुट्टीत कंटाळलेल्या कुटुंबासाठी मोठ्यांनी तो रचला होता. टर्फवर त्याचा चेंडू नीट उसळत नाही. परंतु जमिनीवरून चेंडू घरंगळवत लक्ष्याजवळ नेण्याचे लॉन बोल्ससारखे खेळ तिथे छान रंगतात. त्यांत धाव लागत नाही, नेम लागतो. वाकणे जड जात असेल तर खुर्चीत बसूनही चेंडू सोडता येतो. अशा डावात आठ वर्षांचा नातू आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी खरोखरच बरोबरीने खेळू शकतात.

म्हणून कंत्राटदार माप घ्यायला येईल, त्या दिवशी घरातील ज्येष्ठांनाही परसात न्या. ते रोज कुठून चालतात, कुठे हात टेकतात, कुठे बसतात, ते त्याला दाखवा. हात टेकायला दांड्या असलेले एक बाकडे सावलीत ठेवा आणि तुळस, कढीपत्ता, जास्वंद यांच्यासाठी मातीचा एक तुकडा मोकळा सोडा. टर्फ काही वर्षांनी झिजेल आणि बदलावेही लागेल. खुब्याचे मोडलेले हाड मात्र उतारवयात माणसाचे सारे जगणे बदलून टाकते.