दर्या कीं दऱ्या ? : मोबाईल ॲपमधील दोषांचा शोध

मराठी चार इयत्ता शिकलेल्या मुलासही 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल घळी, हें निराळें सांगावें लागत नाहीं. 'आचार्यास दक्षिणा द्यावी' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्यावी' या दोन वाक्यांत पैसे कोणाच्या हातीं पडावयाचे, हें एका रकाराच्या रूपावर ठरतें. रकार रफार होऊन डोक्यावर चढला तर दक्षिणा गुरुजींना. तोच आडवा होऊन पुढील अक्षरास चिकटला तर ती स्वयंपाक्याला! लिहिणाऱ्याच्या लेखणीला हा भेद सवयीचा आहे. परंतु हल्लीं पुष्कळसें वाचन हातांतल्या मोबाईलवर होतें, आणि त्या यंत्राला हा भेद कोणी तरी शिकवावा लागतो.

समजा, सह्याद्रींतील गडवाटांची माहिती देणारें एक ॲप एखाद्या तरुणानें मोठ्या हौसेनें तयार केलें. मथळा त्यानें लिहिला 'सह्याद्रीच्या दऱ्या'. मोबाईलवर उघडून पाहतो तों तेथें 'सह्याद्रीच्या दर्या' ! पर्वतांत समुद्र शिरलेला पाहून तो फॉन्ट बदलतो. दुसरा आणतो, तिसरा आणतो. घरांतील मंडळी निजतात, मध्यरात्र उलटते, परंतु समुद्र कांहीं ओसरत नाहीं. याचें कारण त्याच्या अंगीं बुद्धि कमी आहे असें नव्हे. दोष जेथें दिसला तेथेंच तो जन्मला असला पाहिजे, असें त्यानें गृहीत धरलें, एवढीच त्याची चूक.

या बाबतींत जुन्या छापखान्याचा दाखला उपयोगी पडेल. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं छापलेल्या पानांत चूक आढळली, तर जाणता व्यवस्थापक एकदम यंत्राशीं झटापट करीत नसे. तो तीन गोष्टी पाही : मूळ हस्तलिखितांत काय आहे, जुळाऱ्यानें खिळे कसे जुळविले, आणि कागदावर छाप कसा उठला. ॲपचेंही तसेंच आहे. मजकूर व प्रोग्रॅम हें त्याचें हस्तलिखित. त्यापासून मोबाईलवर चढविण्याजोगी वस्तु तयार करणें ही जुळणी. तिला 'बिल्ड' म्हणतात. आणि प्रत्यक्ष पडद्यावर अक्षरें व चित्रें उमटविणें ही छपाई. तिला 'रेंडरिंग' म्हणतात. दोष नेहमीं शेवटच्या मुक्कामीं दिसतो, कारण माणसाचे डोळे तेथें असतात. परंतु तो गाडींत चढतो कोणत्याही स्टेशनावर.

प्रथम हस्तलिखित पाहूं. मोबाईल अक्षरें साठवीत नाहीं, आंकडे साठवितो. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तिनें प्रत्येक लिपीच्या चिन्हांस क्रमांक वांटून दिले असून देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा आहेत. त्यांत 'र'चा क्रमांक २३५२, पाय मोडण्याच्या खुणेचा २३८१ आणि 'य'चा २३५१. हे तीन आंकडे ओळीनें आले कीं पडद्यावर रफारयुक्त 'र्य' उमटतो. मग आडवा रकार कसा मागावा ? त्यास दोन वाटा आहेत. एक, 'र'च्या ऐवजीं नुक्तायुक्त 'ऱ' हें चिन्ह योजावें. त्याचा क्रमांक २३५३. दुसरी, पाय मोडल्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालावें; त्याचा क्रमांक ८२०५. हें चिन्ह स्वतः दिसत नाहीं, केवळ शेजाऱ्यांनीं कसें वागावें हें सांगतें. मोबाईलवरील आई, बाप व मुलें यांचें एकत्र चित्र दिसतें, तेंही निरनिराळ्या चित्रांना याच चिन्हानें जोडून केलेलें असतें.

आतां त्या तरुणाच्या समुद्राचें मूळ सांपडण्याजोगें आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्यें मजकूर 'स्वच्छ' करणारा एक भाग होता. कोणतेंही अदृश्य चिन्ह दिसलें कीं तो तें कचरा समजून काढून टाकी. ८२०५ गेला, २३५२, २३८१, २३५१ उरले, आणि दऱ्यांचा दर्या झाला. फॉन्टानें मिळालेला मजकूर इमानानें छापला ! येथें फॉन्ट बदलणें म्हणजे हस्तलिखितांतील चुकीसाठीं यंत्राला तेल घालणें होय. पडद्यावर देण्यापूर्वीं त्या शब्दाचे आंकडे एका ओळींत लिहवून पाहिले असते, तर पांच मिनिटांत निकाल लागला असता. आंकडे चुकीचे असतील तर दोष मागें आहे; आंकडे बरोबर असून रूप चुकीचें असेल तर दोष पुढें आहे. एवढ्या एका पाहणीनें अर्धें क्षेत्र निर्दोष ठरतें.

याच दोन वाटांतून दुसरें एक दुखणें उद्भवतें. 'कऱ्हाड' हा शब्द एकानें 'ऱ' वापरून लिहिला व दुसऱ्यानें जोडचिन्ह वापरून लिहिला, तर डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात; यंत्रास मात्र ते भिन्न शब्द वाटतात. मग गांवाचें नांव यादींत असूनही शोधणाऱ्यास 'सांपडत नाहीं' असें उत्तर मिळतें. रुग्णाची, मतदाराची किंवा परीक्षार्थीची नोंद अशा रीतीनें हरवली, तर ती गोष्ट थट्टेची राहत नाहीं. साठविण्यापूर्वीं व शोधण्यापूर्वीं दोन्ही रूपें एकाच रूपांत आणणें, हा त्यावर उपाय.

दुसरें स्टेशन जुळणीचें. अँड्रॉइडच्या ॲपची जुळणी बहुधा 'ग्रेडल' नांवाचें साधन करतें. तें कधीं कधीं अडून बसतें आणि शेंकडों ओळींचें गाऱ्हाणें पडद्यावर ओततें. नवशिका त्यांतील शेवटचीच ओळ वाचतो, आणि ती तर 'जुळणी फसली' एवढेंच सांगते. वाचण्याची रीत निराळी आहे. प्रोग्रॅममधील चुकांची यादी आली असेल तर पहिली चूक पाहावी. कारण एक कंस सुटला तर त्यापुढील वीस चुका त्याच्याच पोटीं जन्मतात. उलट 'यामुळें घडलें, त्यामुळें घडलें' अशी साखळी आली असेल तर तिची शेवटची कडी पाहावी. मूळ कारण तेथें असतें.

पुष्कळ वेळां हें मूळ कारण आवृत्त्यांच्या बेबनावाचें निघतें. उदाहरणार्थ, २०२३ सालीं निघालेल्या अँड्रॉइड-ग्रेडल जोडसाधनाच्या आठव्या आवृत्तीस जावाची सतरावी आवृत्ति लागते. संगणकावर अकरावी असेल, तर काल चालत असलेला प्रोग्रॅम एक अक्षरही न बदलतां आज बसकण मारतो. अशा वेळीं प्रोग्रॅम खरवडीत बसणें व्यर्थ. कोणाला कोणाची कोणती आवृत्ति चालते, हें त्या साधनाच्या अधिकृत कोष्टकांत पाहून जोड्या लावाव्या. सांठविलेले जुने अवशेष पुसून जुळणी नव्यानें करणें हाही एक प्रसिद्ध तोडगा आहे, आणि तो एकदां करून पाहण्यास हरकत नाहीं. परंतु त्यानें गुण आला नाहीं तर तोच काढा पुनः पुनः पाजूं नये.

जुळणी फसली तर ती निदान ओरडून सांगते. खरी अडचण ती वरकरणीं यशस्वी होऊन आंत कांहीं गाळते तेव्हां येते. २०२१ च्या ऑगस्टपासून गूगलच्या प्ले स्टोअरवर नवीं ॲपें 'ॲप बंडल' या रूपानें द्यावीं लागतात. दुकान त्या गठ्ठ्यांतून प्रत्येक मोबाईलला जरूर तेवढाच वांटा काढून देतें, म्हणजे उतरवून घेण्याचा भार हलका होतो. वांटे पडद्याच्या प्रतीवरून पडतात, तसे भाषेवरूनही पडतात. आतां मोबाईलची भाषा इंग्रजी ठेवून ॲपच्या आंत 'मराठी' निवडणारीं माणसें आपल्या घरोघरीं आहेत. दुकानानें त्यांच्या मोबाईलकडे मराठी वांटा धाडलेलाच नसतो. म्हणून मराठीची कळ दाबूनही अक्षरें इंग्रजीच राहतात. ॲप बनविणाऱ्याच्या मेजावर मात्र संपूर्ण गठ्ठा असल्यामुळें सर्व कांहीं सुरळीत दिसतें, आणि 'माझ्याकडे तर चालतें' असें तो प्रामाणिकपणें सांगतो. मोबाईलची भाषा मराठी करतांच दोष नाहींसा झाला, तर निदान पक्कें झालें. भाषेनुसार वांटे पाडूं नयेत अशी सूचना जुळणीच्या कागदांत लिहिली, अथवा भाषा निवडतांच तिचा वांटा मागवून घेण्याची व्यवस्था केली, म्हणजे काम भागतें.

याच जातीचा दुसरा दोष छाटणीचा. बाहेर पाठविण्याची प्रत तयार करतांना 'आर-८' नांवाचें साधन निरुपयोगी भाग छाटून टाकतें. परंतु एखाद्या भागाला प्रोग्रॅम चालू असतांना केवळ नांवानें हांक मारली जात असेल, तर तो वापरांत आहे हें छाटणाऱ्यास दिसत नाहीं आणि उपयोगी फांदीच तुटते. घरची प्रत चालते व बाहेरची कोसळते, तेव्हां प्रथम येथें पाहावें व राखावयाचे भाग नियमांत नोंदवावे.

तिसरें स्टेशन छपाईचें. 'कि' या अक्षरांत वेलांटी डावीकडे काढतात. युनिकोडमध्यें मात्र उच्चाराप्रमाणें आधीं 'क' आणि मग वेलांटी साठवितात. तिला उचलून डावीकडे नेणें, जोडाक्षरें बांधणें, रफार डोक्यावर चढविणें, हें काम मोबाईलमधील अक्षरजुळणीचा भाग करतो. २००८ सालीं अँड्रॉइडचा पहिला मोबाईल बाजारांत आला, तेव्हां त्यास ही विद्या अवगत नव्हती. पुढें चौथ्या आवृत्तीच्या काळांत ती येऊं लागली. आज हें काम मुख्यत्वें 'हार्फबझ' हें साधन करतें. फारसींत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज़' म्हणजे खुलें. 'ओपनटाइप' या फॉन्टपद्धतीच्या नांवाचेंच तें भाषांतर आहे.

छपाईच्या दोषांचीं लक्षणें वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखीं ओळखतां येतात. अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसल्या, तर त्या फॉन्टांत तें अक्षरच नाहीं. वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकली, तर मजकूर अस्थानीं तुटला आहे किंवा जुळणीची विद्या कमी पडली आहे. अनुस्वार, रफार वा उकार कापले गेले, तर ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापानें बेतली आहे. तेथें ओळीस मोकळीक द्यावी, मजकुरास बोल लावूं नये. शिरोरेषा जागोजाग तुटली, तर इंग्रजी मथळ्याच्या ऐटीसाठीं दोन अक्षरांमध्यें घातलेलें अंतर मराठीसही लागू झालें आहे. तें शून्य करावें. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले, तर मजकुराची भाषा मराठी असल्याचें सांगावयाचें राहिलें असावें. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणांची सोय असते, तो तेवढ्या सूचनेनें वळण बदलतो. आणि नांवाच्या आद्याक्षराचें वर्तुळ काढतांना 'श्रीराम' याचा नुसता 'श' झाला, तर प्रोग्रॅमनें अक्षर न मोजतां आंकडा मोजला. जोडाक्षर मधोमध तोडूं नये असा नियम युनिकोडनें २०२३ सालीं देवनागरीस लागू केला. जुन्या मोबाईलांस तो ठाऊक नसतो, म्हणून तेथेंही पाहून घ्यावें.

लक्षणांवरूनही उलगडा होत नसेल तर अर्धेकरणाची रीत कधीं फसवीत नाहीं. महिन्यापूर्वीची प्रत ठीक होती, आजची बिघडली, आणि दरम्यान हजार बदल झाले, असें धरूं. मधली प्रत तपासावी. ती ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत, नसेल तर मागच्या. अशा दहा तपासण्यांत हजारांतील नेमका बदल हातीं लागतो. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' या साधनांत यासाठीं 'बायसेक्ट' नांवाची आज्ञाच आहे. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काय झालें तें लिहून ठेवावें. तीन उपाय एकदम केले आणि दोष गेला, तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. तो परत आला कीं रात्र पुन्हां पहिल्यापासून सुरू होते.

प्रत्येक मराठी ॲप बाहेर पाठविण्यापूर्वीं दऱ्या, आचाऱ्यास, कऱ्हाड, श्रीराम, किल्ला आणि दुर्गांत अशा पांच-सहा शब्दांची कसोटी, साध्या व जुन्या मोबाईलवर, दुकानांतून उतरवून घेतलेल्या प्रतीवर लावून पाहावी. या कामास अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास न दिल्यास एखाद्या आजीला स्वतःच्या नातवाचें नांव मोडक्या अक्षरांत वाचावें लागतें, आणि चूक आपल्या चष्म्याची आहे असें ती समजते. तो समज तिच्या पदरीं पडूं नये, यासाठींच दोषाचें खरें स्टेशन शोधावयाचें.